बारकीत न मावणारा माणूस

बबनअण्णांना खाली बघून चालताना मी कधी पाहिलं नाही. आमच्या चाकणच्या कंपनीत जिथे तिथे पाट्या आहेत. पायाखाली बघा, पिवळ्या पट्ट्यांतून चाला, फोर्कलिफ्टला वाट द्या. अण्णा मेंटेनन्सचे फोरमन, त्यामुळे यातल्या निम्म्या पाट्या त्यांनी स्वतः भिंतीवर ठोकलेल्या. आणि हाच माणूस शेडच्या दारातून बाहेर पडला की मान वर करून चालायला लागायचा. कपाळावर आडवा हात, तोंड किंचित उघडं, पोट पुढे. एकदा ते असेच चालत चालत कँटीनच्या चहाच्या ट्रॉलीवर आदळले. ट्रॉली कलंडली, अण्णा जागचे हलले नाहीत. चहाने भिजलेल्या बुटांकडे न बघता मला म्हणाले, "म्याडम, ती घार बगा. पंख हलवत न्हाई आन वर चाललीय. म्हंजी तिथली हवाच वर चाललीय."

मी प्लॅनिंग खात्यात होते. लातूरहून नोकरीसाठी आलेली, थेरगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहणारी आणि स्वभावाने जरा तापट. कुठलंही मशीन बंद पडलं की माझं आठवड्याचं वेळापत्रक कोसळायचं आणि मी तावातावाने मेंटेनन्सकडे धावायचे. अण्णा मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बसलेले असायचे. "अण्णा, किती वेळ लागेल?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "घाई न्हाई." ते इतक्या प्रेमाने म्हणायचे की आधी माझा राग उतरायचा, आणि आपला राग असा फुकट उतरवला म्हणून मग दुप्पट चढायचा.

उंची बेताची, रुंदी भरपूर, मिशा पांढऱ्या आणि कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की अण्णा येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. त्यात सगळ्या पॅनेलच्या, कपाटांच्या चाव्या होत्याच, पण कधीच भंगारात गेलेल्या मशीनच्याही होत्या. "या कशाला सांभाळता?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी बी काम केलंय ना राव." चिखलीतलं त्यांचं घर जुनं, शेतकऱ्याचं. शेतावर आता इमारती उभ्या होत्या, भाडेकरू होते, नोकरीची तशी गरज नव्हती. तरी कंपनीच्या बसला सगळ्यांच्या आधी अण्णा उभे. का, तर घरी बसून वर बघितलं की नुसता पंखा दिसतो.

एका शनिवारी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "उद्या सुट्टीय. पठारावर चल. मंदाचं जेवन हाय." कंपनीत मी म्याडम आणि सुट्टीच्या दिवशी पोरी, हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. पठार म्हणजे काय, तिथे काय असतं, हे मी विचारलंच नाही. मंदा म्हणजे त्यांची बायको, आणि मेसच्या डाळीवर जगणाऱ्या माणसाला 'जेवण आहे' एवढं पुरतं. मला वाटलं, शेत असेल नाहीतर देवस्थान असेल.

सकाळी डांगे चौकात एक जुनी व्हॅन येऊन थांबली. चालवत होते युसूफभाई. चिखलीत अण्णांच्या घरासमोर त्यांचं गॅरेज, दोघं पहिलीपासूनचे मित्र. युसूफभाई काडीसारखे बारीक आणि सतत बोलणारे. "बसा बेटा, दरवाजा जोरात ओढा, नाहीतर चाकणच्या चौकात तुम्ही उतराल आणि आम्ही पुढं जाऊ." चाकण गेलं, राजगुरुनगर गेलं, मग गाडी पश्चिमेला वळली. रस्ता अरुंद झाला, मोबाइलची रेंज गेली, शेवटी एक खडा चढ आला आणि वर एकदम सपाट, मोकळं माळरान. एक पत्र्याची शेड, एक जुना कंटेनर, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूवर लावलेली, फडफडणारी कापडी पिशवी आणि तिन्ही बाजूंना सह्याद्रीचे डोंगर. शेडमधून चार माणसं एक लांब पांढरं विमान ढकलत बाहेर आणत होती. पुढे पंखा नाही, कुठे इंजिन नाही.

"इंजिन चोरीला गेलं का?" मी विचारलं. युसूफभाई इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

तो ग्लायडिंगचा क्लब होता. ग्लायडरला इंजिन नसतंच. माळाच्या दुसऱ्या टोकाला युसूफभाईंनी ट्रकचं जुनं इंजिन बसवून एक मोठं रहाट केलं होतं, त्यावर लांबच लांब तार गुंडाळलेली. तार ग्लायडरला अडकवायची, युसूफभाई 'बिस्मिल्ला' म्हणून रहाट फिरवणार, ग्लायडर पतंगासारखा वर जाणार आणि वर गेल्यावर तार सोडून देणार. त्यानंतर सगळी मदार हवेवर. वर जाणारी हवा सापडली तर तासन् तास तरंगायचं, नाही सापडली तर पाचेक मिनिटांत खाली. क्लबात दोन ग्लायडर होते. दोघांना बसता येईल असा एक, त्याचं नाव अण्णांनी ठेवलं होतं थोरली. आणि एकट्यापुरता दुसरा, ती बारकी. दोघींच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला असायचा. तो सरळ उडत असला की ग्लायडर सरळ चाललाय असं समजायचं. लोकर मंदावहिनींच्या स्वेटरमधली होती.

तिथली रीत मला फार आवडली. क्लबात नोकर कुणीच नाही. ज्याला उडायचंय त्याने दिवसभर राबायचं. दुसऱ्यांचं विमान ढकलायचं, उन्हात तार ओढून आणायची, उडताना पंख आडवा राहावा म्हणून टोक धरून बरोबर पळायचं. एवढं केल्यावर संध्याकाळपर्यंत स्वतःची एक पाळी आली तर आली. आणि जो कुणी परत न येता दुसरीकडे कुठे शेतात उतरेल, त्याने आणायला आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं. आपापल्या कंपनीत खुर्चीवरून न उठणारे साहेबलोकही इथे घामाघूम होऊन तार ओढत होते, आणि सगळ्यांच्या पुढे अण्णा.

अण्णा या नादाला लागले तेही याच रीतीमुळे. खूप वर्षांपूर्वी ते बहिणीच्या गावी हरभऱ्याच्या शेतात बसले होते. डोक्यावरून एक सावली गेली आणि कसलाही आवाज न करता एक पांढरं विमान शेजारच्या पडीक तुकड्यात येऊन टेकलं. झाकण उघडून एक उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा माणूस उतरला, कपडे झटकून म्हणाला, "नमस्कार. आपली परवानगी न घेता उतरलो. थोडं पाणी मिळेल?" ते रास्ते सर, हवाई दलातून निवृत्त झालेले, क्लबाचे शिक्षक. पाणी कसलं, अण्णांच्या बहिणीने त्यांना मासवडीचं ताट वाढलं. संध्याकाळी क्लबाची माणसं गाडी घेऊन आली, त्यांनाही वाढलं. ज्यांनी जेवू घालायचं ते रास्ते सरच सगळ्यांच्या आधी जेवून बसले होते, हे त्यांना फार लागलं. "मी आपला ऋणी आहे. काय करू?" त्यांनी विचारलं. अण्णा ग्लायडरचा पंख हाताने चाचपत उभे होते. म्हणाले, "मला शिकवा."

रास्ते सरांनी शब्द दिला आणि पस्तावले. अण्णांसारखा मंद विद्यार्थी त्या पठाराने पाहिला नसेल. मशीन आवाजावरून ओळखणारा हा माणूस हवेत गेला की डावं-उजवं विसरायचा. खाली बघण्याची सवयच नाही, त्यामुळे उतरताना जमीन नेमकी कुठे आहे याचा त्यांना अंदाज येत नसे. थोरली जमिनीला टेकायची, उसळायची, पुन्हा टेकायची, पुन्हा उसळायची. खाली उभे असलेले आम्ही मोठ्याने मोजायचो. मागच्या सीटवरून रास्ते सर उतरायचे, टोपी नीट करायचे आणि एवढंच म्हणायचे, "बबनराव, एका वेळेला एकदाच उतरायचं असतं." अण्णा खो खो हसायचे. त्यांच्या मागून आलेली मुलं शिकली, एकट्याने उडाली, परदेशी गेली. अण्णा अजून थोरलीच्या पुढच्या सीटवर आणि मागच्या सीटवर सर.

मला याचं भयंकर नवल वाटायचं. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही म्हटलं की मी ती गुपचूप सोडून देणाऱ्यातली. अण्णा मात्र न येणाऱ्या गोष्टीत वर्षानुवर्षं मजेत राहिले. मी दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याबरोबर जायला लागले. उडायला नाही. मला स्टुलावर चढून बल्ब लावतानाही घाम फुटतो. मी तार ओढायचे, पंख धरून पळायचे आणि जेवायचे.

मग एका हिवाळ्यात, मोसम नुकता सुरू झाला असताना, रास्ते सरांनी सगळ्यांना कंटेनरपाशी बोलावलं आणि सांगितलं की हा त्यांचा शेवटचा मोसम. पावसाळ्यात क्लब बंद झाला की ते मुलीकडे बंगळूरला जाणार, कायमचे. परतीच्या वाटेवर अण्णा व्हॅनच्या खिडकीतून वर बघत बसले. चाकणच्या चौकात गाडी अडकली तेव्हा अण्णा म्हणाले, "येकदा एकट्यानं उडायचंय. आन सर खाली उबे असताना उडायचंय. त्येंनी लई वर्सं मागं बसून सोसलंय."

शिकवणीचा प्रश्न नव्हता. उसळ्या कमी झाल्या होत्या, सरांची हरकत नव्हती. अडचण होती ती बारकीची. एकट्याने उडायचं ते बारकीतच, असा क्लबाचा नियम, आणि बारकीत बसणाऱ्याचं वजन पॅराशूट सोडून शंभर किलोच्या वर चालत नाही. अण्णा तेव्हा शंभराच्या कितीतरी पुढे निघून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून कंपनीत एक नवा कार्यक्रम सुरू झाला. घरच्या काट्यावर अण्णांचा विश्वास नव्हता. "त्येला कॅलिब्रेशनचं स्टिकर कुठंय?" म्हणून ते दर सोमवारी स्टोअरमधल्या माल मोजायच्या काट्यावर उभे राहायचे. तो काटा तपासलेला, प्रमाणित, वर हिरवं स्टिकर. त्यावर कायम एक लाकडी पॅलेट ठेवलेलं असायचं, कारण माल पॅलेटवर रचूनच मोजतात, आणि पॅलेटचं वजन काट्यात आधीच वजा करून ठेवलेलं असायचं. अण्णा बूट काढून पॅलेटवर चढायचे, डोळे मिटायचे आणि स्टोअरवाला आकडा ओरडायचा. अख्खं शॉप चहा हातात घेऊन ऐकायला उभं. अर्धा किलो कमी झाला की टाळ्या.

घरी मंदावहिनींनी कंबर कसली. तेल बंद, भात बंद, साखर बंद. ज्वारीची भाकरी आणि कसल्या कसल्या उकडलेल्या भाज्या. अण्णांना एकट्यांना असलं खायला घालायचं बरं दिसत नाही म्हणून त्याही तेच खायला लागल्या. महिन्याभराने मला म्हणाल्या, "माझे ब्लाऊज ढिले झाले गं. ह्येंचं काय घटतंय, देव जाणे." पण घटत होतं. हळूहळू का होईना, घटत होतं.

आणि मार्चमधल्या एका सोमवारी चमत्कार झाला. अण्णा चढले, स्टोअरवाल्याने आकडा दोनदा वाचला आणि मग किंचाळला, "शंभर!" एका आठवड्यात आठ किलो! अण्णांनी डोळे उघडून स्वतः आकडा पाहिला. काटा प्रमाणित, स्टिकर हिरवं, शंका घ्यायला जागा नाही. कुणी म्हणालं ज्वारीचा गुण, कुणी म्हणालं जिना चढण्याचा. दुपारी अण्णांनी तिन्ही शिफ्टना पेढे वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही, नुसता वास घेतला.

त्या रविवारी पठारावर सण होता. बारकी धुऊनपुसून बाहेर काढून ठेवली होती. तिच्या काचेवर नवा लाल धागा. युसूफभाईंनी रहाटाला हार घातला. रास्ते सरांनी मात्र शिस्तीप्रमाणे अण्णांना क्लबाच्या काट्यावर उभं केलं. तो भंगारातून आणलेला, जुन्या वखारीतला लोखंडी काटा. दांडीवरचं वजन सर बोटाने सरकवत राहिले, दांडी काही खाली येईना. शेवटी ती सपाट झाली तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"एकशे आठ," ते म्हणाले.

"तुमचा काटा गंजलाय सर," अण्णा म्हणाले. मग त्यावर मी चढले. माझं वजन मला ठाऊक होतं, ते बरोबर निघालं. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच आठवड्यात आमच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली होती की प्रत्येक खेप कागदावर हलकी आणि प्रत्यक्षात जड येते आहे. आणि त्याच आठवड्यात स्टोअरमधली जुनी लाकडी पॅलेटं जाऊन नवी प्लास्टिकची आली होती, आठ किलोंनी हलकी. काटा मात्र लाकडी पॅलेटचंच वजन वजा करत राहिला होता. आमच्या त्या प्रमाणित काट्यावर त्या आठवड्यात जे जे चढलं, ते आठ किलोंनी बारीक झालं होतं.

मी हे सगळ्यांना सांगितलं. अण्णा हातात हेल्मेटसारखी धरलेली उन्हाची टोपी घेऊन बारकीकडे बघत उभे होते. त्यांचा चेहरा असा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मला अक्षरशः रडू यायला लागलं. मग त्यांच्या पोटातून एक हादरा निघाला, खांदे गदगदले, आणि अण्णा माळावर मटकन खाली बसून हसायला लागले. "म्हंजी मी न्हाई, पॅलेट बारीक झालं! आन पेढे मी वाटले! युसुप्या, तिन्ही शिफ्टला वाटले रं!" युसूफभाई त्यांच्या शेजारी लोळले. रास्ते सर वळून पलीकडे तोंड करून उभे राहिले, पण त्यांची पाठ हलत होती.

हसून झाल्यावर अण्णांनी टोपी घातली, उठले आणि दिवसभर दुसऱ्यांचे पंख धरून पळाले.

त्यानंतर मात्र त्यांनी जे केलं ते बघून मला हसू येईना. पठाराच्या पायथ्याशी ते व्हॅन थांबवून उतरायचे आणि तो खडा चढ पायी चढून यायचे. पोहोचायचे तेव्हा शर्ट पिळून काढावा असा ओला. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून मागच्या गेटपर्यंत फेऱ्या मारायचे, अर्थात मान वर करून. मी त्यांच्यासोबत चालायचे, त्यांना कशावर आदळू द्यायचं नाही एवढंच माझं काम. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकलं, "पोरी, व्हईल का गं?" घाई नाही म्हणणाऱ्या माणसाला घाई झाली होती. वळीव कधीही सुरू होईल आणि क्लब बंद होईल, हे त्यांना दिसत होतं.

मोसमाच्या शेवटच्या रविवारी मंदावहिनी पहिल्यांदा पठारावर आल्या. मोठं पातेलं मासवडीच्या रश्शाचं, वर ताट झाकून फडक्याने बांधलेलं, आणि वड्यांचा वेगळा डबा. "उडले तर खातील, न्हाई उडले तर दुप्पट खातील," असं म्हणून त्या जाऊन कंटेनरमध्ये बसल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर बघणार नाही म्हणाल्या.

अण्णा काट्यावर चढले. सरांनी वजन शंभराच्या खाचेत ठेवलं. दांडी वरच राहिली, अगदी किंचित. अण्णांनी बूट काढले. मोबाइल, पाकीट, रुमाल. दांडी थरथरली, बसली नाही. युसूफभाई कात्री शोधायला लागले. "मिशा काढू, राव. पाव किलो तरी असतील." कुणी हसलं नाही. मग अण्णांचा हात कमरेला गेला. चाव्यांचा तो जुडगा त्यांनी हुकातून सोडवला, घटकाभर तळहातावर तोलून धरला आणि माझ्याकडे दिला. "सांभाळ."

दांडी सावकाश खाली आली आणि सपाट थांबली.

"पुरे," रास्ते सर म्हणाले. त्यांनी अण्णांच्या पॅराशूटचा पट्टा ओढून घट्ट केला. "तार सोडायची, एक फेरी मारायची, खाली यायचं. एकच फेरी."

"व्हय सर."

बारकीचा पंख मी धरला. माझ्या दुसऱ्या हातात चाव्या. काचेतून अण्णांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा ते मला शाळेच्या पहिल्या दिवसाला निघालेल्या मुलासारखे दिसले. तार ताठ झाली, मी पळाले, पंख हातातून निसटला आणि बारकी सरळ आभाळात चढली. वर गेल्यावर तार सुटली आणि खाली पडली. एकदम शांतता.

रास्ते सर वायरलेस कानाशी धरून उभे होते. अण्णा ठरल्याप्रमाणे वळले. पठाराच्या खालच्या अंगाला कोंबड्यांच्या शेडची लांबलचक रांग आहे, उन्हात तापणाऱ्या पत्र्यांची. तिच्यावरून जाताना बारकीचा पंख अचानक उचलला गेला. तिथे वर दोन घारी फिरत होत्या. अण्णा त्यांच्यात शिरले. आम्ही माना वर करून बघत होतो आणि बारकी लहान लहान होत चालली होती.

वायरलेस खरखरला. "सर, हवा सापडली. आपसूक वर चाललोय."

"एक फेरी ठरली होती, बबनराव."

"व्हय सर," अण्णा लगेच म्हणाले. आवाजात जराही कुरकुर नव्हती. "आलो खाली." आणि खरंच बारकीचं नाक खाली झुकलं. आयुष्यभर ज्या हवेची वाट बघितली ती अंगाखाली आलेली असताना तो माणूस सरांचा शब्द म्हणून खाली यायला निघाला.

सरांनी वायरलेस तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. "बबनराव," ते म्हणाले. "राहा. वर राहा. घाई नाही."

अण्णा सुमारे तासभर वर होते. घारींबरोबर फिरत उंच गेले, मग डोंगराच्या कड्याला लागले. पश्चिमेचा वारा कड्याला थडकून वर उठतो, त्या वाऱ्यावर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत होते. मधूनमधून वायरलेसवर त्यांचा आवाज यायचा. "सर, डोंगराच्या पल्याड कोकण दिसतंय हो. समदं निळं." थोड्या वेळाने, "मंदाला सांगा, कोकण दिसलं." आम्ही कंटेनरपाशी जाऊन सांगितलं. आतून प्रश्न आला, "खाली कवा येनार?" मग दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या, पदर डोक्यावर, हात कपाळावर, मान वर. "येवढंसं दिसत्यात," एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसून फणकाऱ्याने, "त्येंना म्हनावं, रस्सा निवतोय."

रास्ते सरांनी तो निरोप गंभीरपणे जसाच्या तसा वर कळवला. "आलो आलो," अण्णा म्हणाले.

बारकी टेकली, उसळली, टेकली. आम्ही ओरडून मोजलं, एक! आणि दुसरी उसळी आलीच नाही. "सुधारणा आहे," रास्ते सर म्हणाले आणि लांब ढांगा टाकत, जवळजवळ पळतच, माळावरून निघाले. मी त्यांना पळताना तेव्हाच पाहिलं. त्यांनी झाकण उघडलं, अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी चाव्या घेऊन शेजारी उभी होते.

अण्णा त्या दिवशी किती जेवले हे मी सांगणार नाही. वहिनी वाढत होत्या, युसूफभाई मोजत होते, आणि रास्ते सरांनी, ज्यांना तिखट चालत नाही, दोनदा रस्सा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी कंपनीत चाव्यांचा आवाज पुन्हा माझ्या टेबलापर्यंत आला.

पावसाळा संपून नवा मोसम सुरू झाला तोवर सर बंगळूरला गेले होते आणि अण्णांचं वजन परत आलं होतं, वर थोडं व्याजही घेऊन. बारकी त्यांना कायमची बंद झाली. मला त्यांचा राग आला. एवढे कष्ट केले, एवढं उपाशी राहिले, आणि एकदाच उडून सगळं मासवडीत घालवलं! मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णा थोरलीचं चाक पुसत होते. म्हणाले, "पोरी, मी बगितलं की. आता दुसऱ्यांनी बगावं." त्यांना काही हरवल्यासारखं वाटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. पुढे ते निवृत्त झाले, तेव्हा चाव्या पुढच्या फोरमनला दिल्या, भंगारातल्या मशीनच्यासुद्धा. आणि दर रविवारी पठारावर जाऊन पंख धरायला लागले. पंख धरून पळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एवढा अवजड माणूस, पण पळायला लागला की हलका व्हायचा.

गेल्या वर्षी माझी बदली कंपनीच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात झाली. निघण्याआधीच्या रविवारी मी पठारावर निरोप घ्यायला गेले. अण्णांनी काही विचारलं नाही, फक्त थोरलीची काच पुसून झाकण उघडं ठेवलं. मी म्हणाले, "मला भीती वाटते." ते म्हणाले, "वाटू दे की. तिचं वजन भरत न्हाई." मी पुढे बसले, मागे नव्या शिक्षिका. काचेवरचा लाल धागा वाऱ्याने हलत होता. उजवीकडे बघितलं तर पंखाचं टोक धरून अण्णा उभे. तार ताठ झाली, अण्णा पळायला लागले, पोट, मिशा, सगळ्यासकट, आणि मग एकदम दिसेनासे झाले, कारण आम्ही वर होतो.

तार सुटली. सगळं शांत झालं. मागून शिक्षिका डोंगर बघा, डोंगर बघा, म्हणत होत्या. मी घट्ट मिटलेले डोळे उघडले आणि खाली बघितलं. माळाच्या मधोमध एक ठिपका उभा होता. पंख सुटून किती तरी वेळ झाला होता, पण त्याचा एक हात अजून तसाच वर होता, धरलेलं सोडायचं राहून गेल्यासारखा. मान नेहमीसारखी वर. इतकी वर्षं तो माणूस आभाळाकडे बघत असताना मी त्याच्या शेजारून चालले होते. त्या दिवशी आभाळात मी होते, आणि तो माझ्याकडे बघत होता.